ओएसआयचे सात लेअर शिकायचे, पण ते चालतात कुठे?

मांजराकाठचा
लातूरला कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेटवर्किंगच्या पेपरात ओएसआयचे, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतात ते थराथरांत मांडणाऱ्या मॉडेलचे, सात लेअर आकृतीसह येतातच. पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारा. अडचण दुसरीच आहे. लॅबमध्ये वायरशार्क (नेटवर्कवरची वाहतूक उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पॅकेट, म्हणजे डेटाचे सुटे तुकडे, पकडले तर ईथरनेट दिसतं, आयपी दिसतं, टीसीपी दिसतं, आणि मग एकदम टीएलएस (डेटा कूटबद्ध करणारं) नाहीतर एचटीटीपी. सेशन लेअर, प्रेझेंटेशन लेअर नावाचं काही सापडंनाच. सरांना विचारलं तर म्हणाले, ते मॉडेल आहे, खरं चालतं ते टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटचे प्रोटोकॉल, बोलण्याचे नियम. मग मॉडेल कुणी केलं आणि कशासाठी? एवढे देश बसून जागतिक स्टँडर्ड ठरवायलेत आणि वापरायलंय कोण, तर कुणीच नाही? जाणकारांनी जरा उलगडून सांगा. मार्कापुरतं उत्तर माझ्याकडे आहे, ते नको.

वाळूजकर
भौ, आकृती काढ, नावं क्रमाने लिही, मोकळा हो. मी वाळूजला प्लांटचं नेटवर्क सांभाळतो. "लेअर सातचा (सगळ्यात वरच्या, अॅप्लिकेशनच्या थराचा) प्रॉब्लेम आहे" असं म्हणून काम सॉफ्टवेअरवाल्यांकडे ढकलता येतं, एवढाच ओएसआयचा उपयोग. कमिटीने कागदावर केलं ते ओएसआय, बाजारात जिंकलं ते टीसीपी/आयपी. विषय संपला.

तारघर_निवृत्त
इतक्या लवकर संपत नाही, वाळूजकर. मी नांदेडहून दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे हरलेल्या बाजूचं थोडं ऐकून घ्या.

सत्तरच्या दशकात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर डेटा न्यायचा तर तार टेलिफोनवाल्यांची. आणि युरोपात काय, आपल्याकडे काय, टेलिफोन म्हणजे सरकारी खातं. या सगळ्या खात्यांची जिनिव्हात सीसीआयटीटी नावाची संस्था होती. तिने १९७६ मध्ये एक्स.२५ हे स्टँडर्ड काढलं. पद्धत आमच्या ट्रंक कॉलच्याच घराण्यातली. आधी कॉल जोडायचा, मग त्याच जोडणीवरून पॅकेट ओळीने पाठवायचे, वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर चूक तपासायची, बिघडलेलं पॅकेट तिथूनच परत मागवायचं. शेवटी बिल. कॅनडाचं डेटापॅक, फ्रान्सचं ट्रान्सपॅक, जर्मनीचं डेटेक्स-पी, सगळी एक्स.२५ वरची. आपल्या खात्याने नव्वदीच्या सुरुवातीला काढलेलं आय-नेटसुद्धा तेच.

आता पोरं हसतात की टप्प्याटप्प्यावर तपासणी कशाला. तेव्हाची लाइन पाहिलेला माणूस हसत नाही. पहिला पाऊस पडला की जॉइंटमध्ये पाणी, फोनवर खरखर एवढी की "हॅलो" तीनदा म्हणावं लागे. तसल्या तारेवरून बँकेचे आकडे पाठवायचे असतील तर तपासणी मधेच झालेली बरी.

आणि ते कागदावर राहिलं म्हणता? फ्रान्सने १९८२ पासून घरोघरी मिनिटेल दिलं. टेलिफोन डिरेक्टरी छापण्याऐवजी एक छोटा स्क्रीन, फुकट. त्यावर नंबर शोधा, रेल्वेचं तिकीट काढा, बँकेचा हिशोब बघा. मागे सगळं ट्रान्सपॅक, म्हणजे एक्स.२५. अमेरिकेतल्या सामान्य माणसाने इंटरनेट हा शब्द ऐकलाही नव्हता तेव्हाची गोष्ट आहे ही. ३० जून २०१२ ला बंद झालं. तीस वर्षं चाललेल्या गोष्टीला फसलेली म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रा_गोदाकाठ
काकांच्या प्रतिसादात एक भर, कारण एक्स.२५ आणि ओएसआय यांची पुस्तकांत कायम सरमिसळ होते. एक्स.२५ टेलिफोनवाल्यांचं, खालच्या तीन लेअरपुरतं. ओएसआय नंतरचं आणि त्याचा रोख वेगळा.

तेव्हा प्रत्येक कंपनीचं नेटवर्क वेगळं होतं. आयबीएमचं एसएनए १९७४ पासूनचं, डिजिटलचं डेकनेट. एकदा आयबीएमचं मेनफ्रेम घेतलं की टर्मिनलपासून पुढचं सगळं आयबीएमचंच घ्यायचं. युरोपातल्या सरकारांना याचीच धास्ती होती. १९७७ मध्ये आयएसओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने, कोणत्याही कंपनीचं नसलेलं खुलं स्टँडर्ड करायला घेतलं. समितीचे अध्यक्ष होते चार्ल्स बाखमन, अमेरिकन, तेव्हा हनीवेलमध्ये. मॉडेल घडवण्यात मोठा वाटा फ्रान्सच्या ह्युबर्ट झिमरमन यांचा. सात लेअरचं मॉडेल १९८४ मध्ये आयएसओ ७४९८ म्हणून प्रसिद्ध झालं.

मांजराकाठच्या, तुला न सापडलेले दोन लेअर त्या काळाच्या गरजेतून आले आहेत. मेनफ्रेमवर लॉगिन करून बसायचं, मध्येच लाइन तुटली तर काम जिथं थांबलं तिथून पुढे न्यायचं, यासाठी सेशन. आयबीएमच्या मशीनमध्ये अक्षरांची संकेतप्रणाली एबसिडिक, बाकीच्यांकडे आस्की, त्यांची आपसांत समजूत घालायला प्रेझेंटेशन. आज ही कामं होतात, पण अॅप्लिकेशन आणि लायब्ररी परस्पर उरकून टाकतात. त्यांच्यासाठी वेगळं हेडर लागत नाही, म्हणून तुला दिसत नाही.

वाळूजकरांच्या "बाजाराने ठरवलं"बद्दल मात्र सविस्तर बोलायचं आहे. तास आटोपून येते.

वाळूजकर
या मॅडम, वाट बघतो. पण सांगून ठेवतो, आमच्याकडे बाजारानेच ठरवलं. मी लागलो तेव्हा अर्ध्या एमआयडीसीत नॉव्हेल नेटवेअर होतं, आयपीएक्स या त्यांच्या स्वतःच्या प्रोटोकॉलवर चालणारं. एकच कोॲक्स केबल सगळ्या टेबलांवरून फिरवलेली, मशीनला टी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर. झाडूवाल्याचा पाय लागून टोकाचा टर्मिनेटर निघाला की अख्खं ऑफिस ठप्प, आणि मग रांगत जाऊन शोधायचं. टोकन रिंग, म्हणजे मशीन जोडायची दुसरी पद्धत, फक्त सर्टिफिकेशनच्या पुस्तकात पाहिली, तिचं कार्ड परवडायचंच नाही. नंतर विंडोजमध्ये टीसीपी/आयपी आयतंच मिळायला लागलं, नॉव्हेल बसलं. कुणाचा जीआर आला नव्हता.

प्रा_गोदाकाठ
वाळूजला जीआर आला नसेल, अमेरिकेत आला होता. आर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं तिथल्या संरक्षण खात्याचं नेटवर्क, सुरुवातीला एनसीपी नावाच्या प्रोटोकॉलवर चालत होतं. १ जानेवारी १९८३ पासून फक्त टीसीपी/आयपी, असा संरक्षण खात्याकडून हुकूम निघाला. ज्यांनी बदल केला नाही त्यांचा संपर्क तुटला. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या ४.२बीएसडी युनिक्समध्ये टीसीपी/आयपी आलं. ते कामही संरक्षण खात्याच्याच पैशातून झालेलं. विद्यापीठांना ते जवळपास फुकटात, सोर्सकोडसकट मिळालं. तिकडे आयएसओचं स्टँडर्ड नुसतं वाचायचं तरी पैसे भरून प्रत मागवावी लागे. आरएफसी, म्हणजे टीसीपी/आयपीचे नियम ज्यात लिहिलेले असतात ते कागद, मात्र कुणीही उचलावेत. आमच्यासारख्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं बजेट ज्याला माहीत आहे त्याला या फरकाचं वजन कळेल.

पुढची गंमत अशी की त्याच अमेरिकी सरकारने नंतर ओएसआयचाही हुकूम काढला. गॉसिप नाव होतं त्याचं. १९८८ मध्ये जाहीर झालं, ऑगस्ट १९९० पासून सरकारी खरेदीत सक्तीचं. खात्यांनी नियमापुरतं ओएसआयचं सॉफ्टवेअर घेतलं आणि काम टीसीपी/आयपीवर चालू ठेवलं. १९९५ मध्ये सक्ती काढून टाकली.

म्हणजे सरकार दोन्हीकडे होतं. पैसा एका बाजूला गेला आणि परिपत्रक दुसऱ्या बाजूला, असं माझं मत आहे.

पूर्णा_जंक्शन
मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, पण हे गेजवाणी वाटायलं. आमचे वडील रेल्वेत होते. मनमाडपर्यंत ब्रॉडगेज, तिथून इकडं औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड सगळी निजामाची मीटरगेज. तिकडं लातूरला बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज. एवढुशा मराठवाड्याच्या वाट्याला तीन मापाचे रूळ! मनमाडला माल उतरवायचा, हमालांनी डोक्यावरून दुसऱ्या वाघिणीत भरायचा. त्यात दिवस जायचे, पोती फुटायची, माल गहाळ व्हायचा तो निराळाच. नव्वदीत मनमाडकडून ब्रॉडगेज झालं तवा कुठं मुंबईची गाडी थेट यायला लागली. लातूरची नॅरोगेज तर त्याच्याही नंतर गेली. तसंच झालं असंल ना? ज्याचे रूळ जास्त, त्याचं माप सगळ्यांनी घेतलं.

तारघर_निवृत्त
पूर्णाकर, मनमाडच्या हमाली इतकं गेटवेचं, म्हणजे दोन वेगळ्या नेटवर्कांमधल्या दुव्याचं, चपखल वर्णन मी ऐकलं नव्हतं. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचं जेनेट नेटवर्क १९८४ मध्ये सुरू झालं ते एक्स.२५ वर, आणि वर त्यांचे स्वतःचे "कलर्ड बुक" प्रोटोकॉल. प्रत्येक प्रोटोकॉलच्या पुस्तकाला वेगळ्या रंगाचं मुखपृष्ठ, म्हणून ते नाव. त्यांचे पत्तेही उलटे होते, देश आधी, विभाग शेवटी. जगाच्या पद्धतीने डॉट एसी डॉट यूके, तर त्यांच्याकडे यूके डॉट एसी. अमेरिकेतून मेल आला की गेटवेवर पत्ता उलटा करून पुढे द्यायचा. यात कॉम्प्युटर सायन्स विभागांची पंचाईत व्हायची. त्यांच्या पत्त्याचं टोक "सीएस", आणि तोच चेकोस्लोव्हाकियाचा देशकोड! तुमची पोती गहाळ व्हायची, त्यांची पत्रं प्रागच्या वाटेला लागायची.

पण एका जागी तुमचं उदाहरण अडतं. गेज बदलायचं तर जुने रूळ उखडावे लागतात. आयपीला उखडावं काहीच लागलं नाही. आयपीचं पॅकेट एक्स.२५ च्या पॅकेटमध्ये घालून पाठवायची रीत १९८३ मध्येच लिहून झाली होती. अमेरिकेतलं सीएसनेट, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स विभागांचं नेटवर्क, तसं चालवत होतं. म्हणजे आमच्याच तारेवर, आमच्याच एक्स.२५ मध्ये बसून ते आलं. आणि आम्ही खूश, कारण पॅकेटमागे बिल मिळत होतं! चीनमधून १९८७ मध्ये पहिला ईमेल बाहेर गेला तो जर्मनीतल्या कार्ल्सरुहे विद्यापीठाला, आणि गेला एक्स.२५ च्याच जोडणीवरून. ब्रिटनने १९९१ मध्ये जेनेटवर आयपीची सेवा सुरू केली तीही सुरुवातीला एक्स.२५ च्या वरूनच. थोड्याच काळात आयपीची वाहतूक मूळच्या एक्स.२५ वाहतुकीपेक्षा जास्त झाली. पाहुणा आला आणि घर त्याचं झालं.

प्रा_गोदाकाठ
याच मुद्द्यावर यायचं होतं. आयपी खालच्या तारेकडून जवळपास काहीच मागत नाही. पॅकेट क्रमाने दे म्हणत नाही, हरवणार नाही अशी हमी मागत नाही. फोनलाइन, सॅटेलाइट, ईथरनेट, एक्स.२५, काहीही चालतं. हरवलं-सापडलं याचा हिशोब दोन टोकांचं टीसीपी ठेवतं. टेलिफोन खात्यांना हे रुचणं अवघडच होतं, कारण यात हुशारी ग्राहकाच्या मशीनमध्ये जाते आणि खात्याकडे नुसती तार उरते.

आणि ही कल्पना मुळात अमेरिकेची एकट्याची नाही. फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांनी सत्तरच्या सुरुवातीला सिक्लाद नावाचं नेटवर्क केलं होतं. त्यात प्रत्येक पॅकेट सुटं, आपला पत्ता घेऊन जाणारं. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये टीसीपीचा पेपर लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर हे काम होतं. फ्रान्सच्या टेलिफोन खात्याला एक्स.२५ हवं होतं. सिक्लादचा पैसा आटला आणि १९८१ मध्ये ते बंद झालं. दहा-बारा वर्षांनी तीच कल्पना अमेरिकेहून फ्रान्सला परत आली. झिमरमन सिक्लादमधलेच, हेही लक्षात घ्या.

बीडचा_बाणा
सगळं अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन चाललंय. भारत कुठे होता? आपण स्वतःचं स्टँडर्ड का नाही काढलं? दर वेळी दुसऱ्याचंच घ्यायचं काय?

तारघर_निवृत्त
भारत होता. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने एर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क सुरू केलं. त्यात तेव्हाच्या पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएस्सी आणि मुंबईची एनसीएसटी होती. एनसीएसटीच्या श्रीनिवासन रमाणींचा त्यात पुढाकार. आमच्या शहाणपणाची दाद द्या. एर्नेटच्या मुख्य लाइनवर टीसीपी/आयपी आणि ओएसआय दोन्ही चालू ठेवले होते. जो जिंकेल त्याच्यासोबत जाऊ, असा हिशोब. १९९५ नंतर जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीची झाली. उत्तर युरोपच्या नॉर्डुनेटनेही असेच चार-चार प्रोटोकॉल शेजारी चालवले. ज्या देशांनी एकावरच शिक्का मारला त्यांच्यापेक्षा हे स्वस्तात सुटले.

सामान्य माणसाला १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट दिलं, तेही आधी महानगरांत. मराठवाड्यातून जोडायचं तर एसटीडी लावून. मोडेमची किणकिण सुरू झाली की मीटरही पळायला लागायचं, आणि लाइन मधेच तुटली की पुन्हा पहिल्यापासून. स्वस्तातलं शेल अकाउंट असेल तर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं.

बाणा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मोबाइलमध्ये आहे. जीएसएम हे मोबाइलचं स्टँडर्डसुद्धा युरोपातल्या समित्यांचंच लेकरू. १९८२ मध्ये गट बसला, १९८७ मध्ये देशांनी करार केला. तीच माणसं, त्याच बैठका, तसेच जाड कागद, आणि ते जग जिंकलं. ओएसआय हरलं आणि जीएसएम जिंकलं, कारण मोबाइलला स्पेक्ट्रम लागतो आणि स्पेक्ट्रम सरकारच्या हातात. या लहरीवर हेच चालेल म्हटलं की तेच चालतं. कॉलेजच्या आवारातल्या केबलवर कोणता प्रोटोकॉल फिरतोय हे बघायला कोण येणार होतं?

बीडचा_बाणा
पटलं. मग स्पेक्ट्रम आपलाच आहे ना? ५जीला का नाही?

प्रा_गोदाकाठ
केलं होतं. ५जीआय. टीएसडीएसआय या आपल्या मानक संस्थेचं, आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि मद्रासच्या सीविट यांचं काम. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने त्याला ५जीच्या स्टँडर्डांत जागाही दिली. त्यातला विचार आपल्या खेड्यांसाठीच होता. शहरात टॉवर जवळजवळ असतात. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीतला टॉवर आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांना पुरवायचा असतो, म्हणून दोन टॉवरमध्ये सहा किलोमीटर अंतर धरून सेवा मिळाली पाहिजे अशी चाचणी भारताने आयटीयूमध्ये मान्य करून घेतली. मला स्वतःला ही अट मान्य होणं वेगळ्या स्टँडर्डपेक्षा मोठं वाटतं.

वेगळ्या स्टँडर्डला मोबाइल कंपन्यांचा विरोध होता. स्पेक्ट्रम आपला, पण चिप आणि हँडसेट जगभरासाठी एकच बनतात. फक्त भारतासाठी वेगळी चिप म्हणजे फोन महाग. शेवटी २०२२ च्या सुमारास ते जागतिक ५जीतच मिसळलं. चीनचा अनुभव याहून कडू आहे. त्यांनी वायफायच्या सुरक्षा पद्धतीऐवजी वापी नावाचं स्वतःचं सुरक्षा स्टँडर्ड २००४ पासून सक्तीचं करायचं ठरवलं. अमेरिकेच्या दबावानंतर सक्ती पुढे ढकलली, २००६ मध्ये आयएसओनेही नाकारलं. तरी त्यांचा बाजार एवढा मोठा की २००९ मध्ये तिथे अधिकृतपणे विकायला आलेल्या आयफोनमध्ये आधी वायफायच नव्हतं.

वाळूजकर
ठीक आहे, "बाजाराने ठरवलं" मागे घेतो, "ज्याच्या हातात फाटक, त्याने ठरवलं" असं करा. पण पोराचा मूळ प्रश्न तसाच आहे. आज ओएसआय चालतं कुठे?

प्रा_गोदाकाठ
पहिली जागा त्याने स्वतःच पकडली आहे. टीएलएसमधलं सर्टिफिकेट एक्स.५०९ असतं. ते १९८८ च्या एक्स.५०० डिरेक्टरीच्या कुटुंबातलं, म्हणजे ओएसआयच्याच गोतावळ्यातलं. त्यात देश, संस्था, नाव अशी रकानेवार ओळख असते ती एक्स.५०० ची पद्धत, आणि ते ज्या एएसएन.१ मध्ये लिहिलेलं असतं ते प्रेझेंटेशन लेअरसाठी घडवलेलं. टीएलएस १.३ मध्ये सर्टिफिकेट कूटबद्ध होऊन जातं, वायरशार्कमध्ये उघडं दिसणार नाही. १.२ वाला सर्व्हर पकड, नाहीतर ब्राउझरमध्येच सर्टिफिकेट उघड. ऑफिसांत लॉगिनला एलडॅप असतं, तेही त्याच डिरेक्टरीचं हलकं रूप.

दुसरी जागा मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या मुख्य राउटरवर. तिथे आयएस-आयएस नावाचा राउटिंग (पॅकेटची वाट ठरवणारा) प्रोटोकॉल आजही जोरात आहे. तो मूळ ओएसआयचा आहे आणि आयपीवर बसत नाही, थेट ईथरनेटवर चालतो. लॅबमध्ये दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीन घे, एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर टाक, त्यातला आयएस-आयएस डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) चालू कर. पत्ता आयपीसारखा नसतो, ओएसआयचा असतो, ४९.०००१ ने सुरू होणारा लांबलचक.

मांजराकाठचा
मॅडम, जमलं! दोन्ही मशीन शेजारी म्हणून दिसायलेत. वायरशार्कमध्ये पॅकेटवर आयएसओ १०५८९ लिहून येतंय आणि आत आयपीचं हेडर खरंच नाही. पण शेजार ओळखायला पाठवलेलं हॅलो पॅकेट जवळपास पंधराशे बाइटचं कशाला? आत बघितलं तर नुसती शून्यं भरलेली आहेत.

प्रा_गोदाकाठ
मुद्दाम. दोन्ही टोकांचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, जुळतो का, हे तो हॅलो पाठवतानाच तपासून घेतो. एका मशीनचा एमटीयू चौदाशे कर आणि दोन्ही डेमन परत चालू कर. शेजार जुळतो का बघ आणि नाही जुळला तर कोणत्या बाजूचा हॅलो पोचत नाही ते इथे लिही.